सुरांची जागल

पन्नास वर्षांपूर्वीच्या सिनेमाचं राहून गेलेलं संगीत कधीतरी पूर्ण ऐकायला मिळेल, म्हणून जगभरातली माणसं वाट बघत बसतात. येडी आहेत का ती? की आपलंच काहीतरी हरवलंय आणि आपल्याला त्याचा पत्ताच नाही?

एक काम करा. हे वाचता वाचता मनातल्या मनात पाच सूर म्हणा.

रे, ग, सा. मग एकदम खाली उतरा, मंद्रातला सा. आणि तिथून थोडं वर, मंद्रातला प. तिथंच थांबा.

काय वाटलं? काहीतरी अर्धवट राहिल्यासारखं वाटलं ना? आपण हाक मारली आणि आता समोरून कुणीतरी ओ द्यावी, असं?

तेच तर पाहिजे होतं! स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ या सिनेमात परग्रहावरून आलेल्यांशी माणूस बोलतो तो याच पाच सुरांत. तिथं बंदुका चालत नाहीत, भाषणं होत नाहीत. एक जण सूर लावतो, दुसरा उत्तर देतो. हे पाच सूर सापडावेत म्हणून संगीतकार जॉन विल्यम्सनं तीनशेच्या वर वेगवेगळ्या जुळण्या लिहून पाहिल्या होत्या. सिनेमा आला १९७७ च्या नोव्हेंबरमध्ये. म्हणजे २०२७ च्या नोव्हेंबरमध्ये त्याला पन्नास वर्षं होतील.

मी हे संगीत पहिल्यांदा ऐकलं ते यवतमाळच्या एका अभ्यासिकेत. स्पर्धा परीक्षेचं पुस्तक समोर उघडं आणि कानात इअरफोन. शेजारच्या खुर्चीवरचा वणीचा दोस्त म्हणाला, “काय ऐकून रायला बे एवढं डोळे मिटून?” मी एक इअरफोन त्याच्या कानात घातला. त्यानं दोन मिनिटं ऐकलं आणि काढून माझ्या हातात दिला. “अबे, याच्यात तं गाणंच नाई!”

तो खोटं बोलत नव्हता. याच्यात गाणं नाहीच. पण त्याच्या त्या एका वाक्यातच आपल्याकडची सगळी गडबड आहे. आज त्याबद्दलच बोलायचंय.

हाळ गावची हाक

आधी एक गोष्ट सांगतो, जी मला कळली तेव्हा मी अभ्यासिकेत खुर्चीवरून उठलो होतो.

त्या सिनेमात हजारो माणसं एका मैदानात बसून हेच सूर एका आवाजात गातायत, असा एक सीन आहे. परदेशी शास्त्रज्ञांची तुकडी तिथं येते. त्यांचा प्रमुख विचारतो, हे सूर आले कुठून? आणि क्षणात हजारो हात वर जातात. सगळी बोटं आभाळाकडे!

कथेत हे ठिकाण उत्तर भारतात, धरमशालेला दाखवलंय. प्रत्यक्षात शूटिंग झालं ते आपल्या महाराष्ट्रात. खोपोलीच्या अलीकडे, खालापूरजवळच्या हाळ या गावात. शास्त्रज्ञाचं काम करणारा फ्रान्सचा प्रसिद्ध दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो त्या गावच्या मातीत उभा होता. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या विज्ञानपटांपैकी एकात आभाळाकडे बोट दाखवणारी माणसं मुंबई-पुण्याच्या वाटेवरची आपली माणसं आहेत.

तुम्हाला हे माहीत होतं? मला नव्हतं. सिनेमाच्या संगीतावर जीव टाकणाऱ्या परदेशी चाहत्यांना मात्र यातलं एकेक बारकं माहीत असतं. कुठं शूट झालं, कुठला तुकडा सिनेमातून कापला, कुठला नंतर बदलला. अवकाशयानाचा आवाज म्हणून जो धीरगंभीर ट्यूबा वाजतो, तो जिम सेल्फ नावाच्या वादकानं वाजवलाय, हेही. आणि सिनेमात जो माणूस त्या मोठ्या सिंथेसायझरवर बसून यानाशी बोलतो, तो फिलिप डॉड्स नट नव्हताच. तो ते यंत्र बसवून द्यायला कंपनीतून आलेला तंत्रज्ञ होता. त्यालाच कॅमेऱ्यासमोर बसवलं!

ही सगळी माहिती लोकांपर्यंत आली कशी? तर कुणीतरी विचारलं, कुणीतरी लिहून ठेवलं, कुणीतरी टेप जपून ठेवली.

वाट बघण्याची चाळीस वर्षं

आता या संगीताचा प्रवास बघा.

१९७७ ला सिनेमासोबत त्याची एलपी रेकॉर्ड आली. एलपीच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं मावायची. म्हणजे दोन्ही बाजू धरून पाऊण तासाच्या आत सगळं उरकायचं. सिनेमासाठी संगीत तर त्याच्यापेक्षा बरंच जास्त लिहिलेलं. मग काही तुकडे निवडले, काही जोडले आणि बाकीचे टेपवर तसेच कपाटात गेले.

ज्यांनी सिनेमा थिएटरात पाहिला होता, त्यांना रेकॉर्ड ऐकताना कळायचं, अरे, तो अमुक ठिकाणचा तुकडा यात नाही. पण करणार काय? थांबले.

१९९८ ला सव्वा तासाच्या घरातली सीडी आली. एकवीस वर्षांनी. तरी काही राहिलंच होतं. मग २०१७ मध्ये, सिनेमाला चाळीस वर्षं झाली तेव्हा, ‘ला-ला लँड रेकॉर्ड्स’ या छोट्या कंपनीनं दोन सीडींचा संच काढला. आधी कधी न आलेले तुकडे, सिनेमात न वापरलेले पर्याय आणि सोबत सगळी कहाणी सांगणारी पुस्तिका. १९७७ ला विशीत असलेला पोरगा तोवर साठीचा झाला होता.

एकाच सिनेमाचं असं झालं असंही नाही. ‘स्टार ट्रेक’चा पहिला सिनेमा १९७९ चा. जेरी गोल्डस्मिथनं दिलेलं त्याचं संगीत आधी एका एलपीवर आलं, वीस वर्षांनी दोन सीडींच्या संचात आणि २०१२ मध्ये तीन सीडींवर. ‘ब्लेड रनर’ची कथा तर अजून वेगळी. सिनेमा १९८२ चा, पण वँगेलिसनं केलेल्या मूळ संगीताचा अधिकृत अल्बम आला थेट १९९४ मध्ये. बारा वर्षं! मधल्या काळात लोक चोरून केलेल्या कॉप्यांवर भागवत होते. पंचविसाव्या वर्षी, २००७ ला, त्याचा तीन सीडींचा संच आला.

आणि मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ची. स्टॅनली क्युब्रिकनं या सिनेमासाठी अ‍ॅलेक्स नॉर्थ या संगीतकाराकडून संगीत लिहून घेतलं, ते ध्वनिमुद्रितही झालं. १९६८ मध्ये सिनेमा पडद्यावर आला तेव्हा नॉर्थ बघायला गेला, तर त्याचा एक सूरही त्यात नव्हता. क्युब्रिकनं आधीच तयार असलेल्या पाश्चात्त्य शास्त्रीय रचना वापरल्या होत्या. त्याला कुणी आधी सांगितलंसुद्धा नव्हतं. नॉर्थ १९९१ मध्ये गेला. दोन वर्षांनी त्याचा मित्र जेरी गोल्डस्मिथ यानं ऑर्केस्ट्रा उभा करून ते संगीत पुन्हा वाजवलं आणि त्याची सीडी काढली. आणि २००७ मध्ये १९६८ चं मूळ ध्वनिमुद्रणही लोकांना ऐकायला मिळालं.

विचार करा. सिनेमानं नाकारलेलं संगीत, चाळीस वर्षांनी माणसं शोधून काढतात, साफ करतात, ऐकतात. का? त्यातून सिनेमा बदलणार नाही. नॉर्थ परत येणार नाही. तरी करतात. कारण एका माणसानं जीव ओतून केलेलं काम कपाटात कुजू नये, एवढंच.

टेप ओव्हनमध्ये?

हे काम वाटतं तेवढं सोपं नाही बरं का. कपाटातून टेप काढली, कॉम्प्युटरला लावली आणि झालं, असं नसतं.

एका काळातल्या बऱ्याच टेपांवरचा थर वर्षानुवर्षं दमट हवा शोषून चिकट होतो. तशीच वाजवली तर थर सोलून निघतो आणि संगीत कायमचं जातं. म्हणून ती टेप कमी तापमानाच्या ओव्हनमध्ये तासन् तास ठेवून सुकवतात. मग ती थोडे दिवस वाजण्यालायक होते. तेवढ्या वेळात ती डिजिटल करून घ्यायची. पुढे कागद शोधायचे. कुठल्या दिवशी कुठला तुकडा वाजला, कितव्या टेकला दिग्दर्शकानं होकार दिला, सिनेमात कुठला गेला. शिवाय हक्क कुणाकडे आहेत ते बघायचं. तिकडं वादकांची संघटना मजबूत. सिनेमासाठी वाजवलेलं संगीत रेकॉर्डवर काढायचं तर वादकांना वेगळे पैसे द्यावे लागतात. म्हणून कित्येक वर्षं असले मोठे अल्बम कुणाला परवडायचेच नाहीत.

अशा संचाच्या प्रती काही हजारच निघतात. विक्री सुरू होणार म्हटलं की लोक घड्याळ लावून बसतात. संपल्या की संपल्या.

हे मला पटत नाही, तेही सांगतो. जपून ठेवलेली गोष्ट पुन्हा मोजक्याच लोकांच्या कपाटात गेली तर काय फायदा? डॉलरमधली किंमत, त्यावर टपालखर्च. माझ्यासारख्या यवतमाळच्या पोरानं असा संच घ्यायचा म्हणजे मेसचे दोन-तीन महिने उपाशी राहायचं. दुर्मीळ आहे म्हणून भाव चढवायचा, हा धंदा झाला. पण एक मान्य करावं लागेल. त्या काही हजार लोकांनी खिशात हात घातला म्हणून टेप ओव्हनपर्यंत पोहोचली. नाहीतर ती कपाटातच गेली असती.

आपल्याकडचा हिशेब

आता आपल्याकडे या.

२०२७ मध्ये अजून एका सिनेमाचा वाढदिवस आहे. ‘मिस्टर इंडिया’. २५ मे १९८७ ला आला, म्हणजे चाळीस वर्षं होतील. आपल्याकडचा विज्ञानपट म्हटलं की आपल्या घरातल्या मोठ्यांना आधी हाच आठवतो. अदृश्य करणारं घड्याळ, लाल काचेतून दिसणारा हिरो, मोगॅम्बोचा अड्डा. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं.

डोळे मिटा आणि तो सिनेमा आठवा. ‘हवा हवाई’ आठवेल, बरोबर. पण मोगॅम्बो सिंहासनावर येतो तेव्हा मागे काय वाजतं? घरातली लहानगी जाते तेव्हाची शांतता कशानं भरलीय? कुणी दिसत नाही आणि हवेतच मार पडतो, तेव्हा आपल्याला हसू येतं ते कुठल्या वाद्यामुळे? ते संगीत कुणीतरी लिहिलं, कुणीतरी बसून वाजवलं. आमच्या घरच्या कॅसेटवर मात्र फक्त गाणी होती.

माझा वणीचा दोस्त म्हणाला ते हेच. गाणं नाही म्हणजे संगीत नाही. आपण सगळे असेच मोठे झालो. सिनेमाचं संगीत म्हणजे गाणी, बाकीचं म्हणजे ‘मागं वाजते ते’.

पण खरंच तसं आहे का? ‘शोले’ घ्या. संध्याकाळी हवेलीत ती दिवे मालवत जाते आणि समोर अमिताभ पायरीवर बसून माउथ ऑर्गन वाजवतो. ते काय गाणं आहे? त्याला शब्द नाहीत, ते पार्श्वसंगीतच आहे. तरी यवतमाळपासून उमरखेडपर्यंत कुणालाही दोन सूर वाजवून दाखवा, तो म्हणेल शोले! ते सूर राहुलदेव बर्मनचे आणि माउथ ऑर्गन वाजवला होता भानू गुप्ता यांनी. हे दुसरं नाव तुमच्यापैकी किती जणांना माहीत होतं? अमेरिकेत बसलेल्या चाहत्याला ट्यूबावाल्याचं नाव पाठ आणि आपल्याला आपल्या सगळ्यात लाडक्या सुरावटीचा वादक ठाऊक नाही.

जाऊ द्या, शोले जुना झाला. ‘सैराट’ तर आपलाच ना? २०१६ चा. अजय-अतुल यांनी त्याच्या संगीतासाठी थेट लॉस एंजलिसला जाऊन मोठ्या सिंफनी ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलं. त्याच हॉलिवूडमध्ये, जिथं विल्यम्सचा ऑर्केस्ट्रा वाजायचा. अल्बममध्ये गाणी चार. ‘झिंगाट’वर आपण प्रत्येक वरातीत नाचलो. पण आर्ची आणि परश्या पळतात तेव्हाचं, परक्या शहरात भेदरून बसतात तेव्हाचं संगीत वेगळं काढून ऐकावं, त्याची मागणी करावी, असं आपल्याला सुचलंसुद्धा नाही. मलाही नाही.

आणि न मागितल्याचा परिणाम काय होतो, तेही बघा. ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट, १९३१ चा. त्यात सात गाणी होती. आज ना सिनेमाची प्रत सापडते, ना ती गाणी. त्यांच्या रेकॉर्डच निघाल्या नव्हत्या. आपला सिनेमा ज्या आवाजानं बोलायला लागला, तो आवाजच आपल्याकडे नाही. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथं मोठं काम झालंय. पण जानेवारी २००३ च्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळून गेला. जे गेलं त्याची वाट बघण्यात अर्थ नसतो. वाट बघायलाही काहीतरी शिल्लक असावं लागतं.

“पोट भरते का यानं?”

मला माहितीये, आता काही जण म्हणतील, यवतमाळात बसून हे काय लावलंय? इथं कापसाच्या भावाचं बघा, पोरांच्या नोकऱ्यांचं बघा. शेतकऱ्याच्या घरात काय चाललंय ते बघा. जुन्या सिनेमाच्या टेपा वाचवून कुणाचं पोट भरते?

प्रश्न चुकीचा नाही. माझे बाबाही हेच विचारतात. कापूस घरात येऊन पडलेला असताना पोरगा कानात काहीतरी घालून बसतो, तेव्हा बापाला राग येणारच.

पण आमच्याच घरातली एक गोष्ट सांगतो.

आमच्या आबाजींचा एक टेपरेकॉर्डर होता. दिवाळीनंतर आमच्या गावात दंडार व्हायची. आबाजी त्यात ढोलकीवर असायचे. एका वर्षी त्यांनी रात्रभर टेप चालू ठेवली. एक कॅसेट भरली, दोन भरल्या. त्यात आबाजींची ढोलकी होती, गावातल्या म्हाताऱ्यांचे आवाज होते, मधेच आजी कुणालातरी चहा विचारते तेही होतं म्हणे. ‘म्हणे’ म्हणतो, कारण मी ते ऐकलं नाही. पुढे एका लग्नात गाणी वाजवायला कॅसेट कमी पडली आणि घरातल्याच कुणीतरी त्या दोन्ही कॅसेटांवर गाणी भरून घेतली. त्या काळात सगळेच करायचे. कॅसेटचं भोक सेलो टेपनं बुजवलं की झालं!

आबाजी गेले तेव्हा मी शाळेत होतो. पंधरा दिवसांनी बाबांनी माळ्यावरून ती कॅसेट काढली. टेपरेकॉर्डर पुसला, लावली. नव्वदच्या दशकातलं एक हिंदी गाणं सुरू झालं. बाबांनी पूर्ण बाजू ऐकली. मग उलटी करून दुसरी बाजू ऐकली. त्यांना वाटत होतं, गाणी संपल्यावर शेवटी कुठंतरी थोडी ढोलकी राहिली असेल.

राहिली नव्हती.

पोट नाही भरत याच्यानं, खरं आहे. पण बाबा तेव्हा कॅसेट उलटी करून बसले होते ना, ती वाट बघणं आणि ‘क्लोज एन्काउंटर्स’च्या चाहत्यांची वाट बघणं यात मला काही फरक दिसत नाही. दोघंही म्हणतात, शेवटी थोडं राहिलं असेल. फरक एवढाच, तिकडं खरंच राहिलं होतं. कारण कुणीतरी पुसलं नव्हतं.

मग आपण करायचं काय?

दोस्तहो, मी काही कंपनी काढा, स्टुडिओ उभारा असं म्हणत नाही. पण चार गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

पहिली गोष्ट, ऐका. या आठवड्यात तुमच्या आवडीचा एखादा सिनेमा घ्या आणि गाणी सोडून बाकीचं संगीत कान देऊन ऐका. कुठं सुरू होतं, कुठं थांबतं, कुठं मुद्दाम काहीच वाजत नाही. श्रेयनामावलीत वादकांची, अरेंजरची नावं असतील तर थांबून वाचा.

दुसरी, मागा. हक्क कंपन्यांकडे आहेत आणि कंपन्यांना आपला आवाज कळतो. अलीकडे दक्षिणेतल्या काही मोठ्या सिनेमांचं पार्श्वसंगीत वेगळं काढलं जातंय, कारण तिथल्या पोरांनी त्यासाठी गलका केला. मग मराठीसाठी आपण का नाही? ‘मिस्टर इंडिया’च्या चाळीशीला कुणी नाच ठेवेल, कुणी पुन्हा थिएटरात लावेल. आपण विचारू या ना, की त्याच्या पार्श्वसंगीताच्या टेपा कुठं आहेत? प्यारेलालजींना २०२४ मध्ये पद्मभूषण मिळालं, छान झालं. पण कलावंताचा खरा सन्मान त्याचं सगळं काम ऐकण्यात असतो. त्यातलं निम्मं काम तर आपण गाण्यांच्या मधली जागा म्हणून सोडून दिलंय.

तिसरी, आणि ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. घरातल्या कॅसेटा भंगारात देऊ नका. दिवाळीच्या साफसफाईत त्या आधी जातात. द्यायच्या आधी एकदा ऐका. टेपरेकॉर्डर नसेल तर शोधा, यवतमाळात जुनी यंत्रं दुरुस्त करणारी माणसं अजून आहेत. वर सिनेमाचं नाव लिहिलेलं असलं तरी ऐका. आमच्याकडे उलटं झालं, तुमच्याकडे सुलटं झालेलं असेल. गाण्यांच्या शेवटी आजीचा आवाज निघेल.

आणि चौथी, आता टेप करा. आपल्या प्रत्येकाच्या खिशात आज जे यंत्र आहे, ते आबाजींच्या टेपरेकॉर्डरपेक्षा शंभर पटीनं चांगलं आहे. त्यात आपण काय भरतो? रील्स. यवतमाळची शकुंतला आठवते? मूर्तिजापूरला जाणारी नॅरोगेज. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धावली. त्या इंजिनाची शिट्टी कशी होती, हे सांगताना आमच्या शेजारचे काका तोंडानं आवाज काढून दाखवतात आणि मग स्वतःच म्हणतात, “नाई, तशी नोती.” त्यांना बरोबर ऐकू येते, फक्त आपल्याला ऐकवता येत नाही. आता तर गाडीच धावायची थांबली.

दुर्गोत्सवात वाजवणारे जुने बँडवाले, दंडारीतले ढोलकीवाले, कोलाम पोडावरची गाणी, टुरिंग टॉकीजमध्ये सिनेमे दाखवत फिरलेले ऑपरेटर. हे सगळे अजून आहेत. त्यांच्यासमोर मोबाइल ठेवा, नाव-गाव-तारीख सांगायला लावा आणि गाऊ द्या. फाइलला नीट नाव द्या. दोन ठिकाणी ठेवा. आणि त्यांना विचारूनच ठेवा, कारण आवाज त्यांचा आहे.

आणि हो, कुणी खोपोलीकडे नोकरीला असाल तर हाळला जाऊन या. १९७७ मध्ये आभाळाकडे बोट दाखवणाऱ्या गर्दीतला तेव्हाचा विशीतला माणूस आज सत्तरीच्या घरात असेल. त्याला विचारा, त्या दिवशी काय झालं होतं? गोरे साहेब काय सांगत होते? काय गायला लावलं होतं? पन्नासाव्या वर्षी जगभरातले चाहते पुन्हा हा सिनेमा उघडतील. कुणी सांगावं, त्यांना जे ऐकायचंय त्यातला एखादा तुकडा कॅलिफोर्नियातल्या कपाटात नसेल, खालापूरच्या एखाद्या ओट्यावर बसलेला असेल.

त्या सीनमधली एक गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. हजारो माणसं गातायत, बोटं आभाळाकडे आहेत आणि शास्त्रज्ञ काय करतात? ते गाणं टेप करतात. मग ती टेप दूर नेऊन इतर शास्त्रज्ञांना ऐकवतात. पुढचा सगळा सिनेमा त्या टेपमुळे घडतो. त्या दिवशी कुणी टेप केली नसती तर समोरून आलेल्या हाकेला माणसाकडे उत्तरच नसतं.

आपल्याकडे पीक उभं असलं की रात्री शेतात जागलीला जातात. रानडुकरं येतात म्हणून. मचाणावर बसून रात्रभर डबा वाजवणाऱ्याला कुणी विचारत नाही, की यानं तुझं पोट भरते का? सगळ्यांना माहीत असतं, हा जागा राहिला म्हणून सकाळी पीक दिसेल.

जुन्या संगीताची वाट बघणारे चाहते मला तसे वाटतात. जागली करणारे. आपल्याकडे पीक कमी नाही, जागलीला माणसं कमी आहेत.

वणीचा दोस्त परवा अभ्यासिकेत आला. बसता बसता त्यानं इअरफोन मागितला. म्हटलं, काय झालं बे?

म्हणाला, “ते पाच सूर लाव ना. रात्री झोपेत वाजून रायले होते.”